सोनकिड्याचा साज

गेल्या महिन्यात बडोद्याहून एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. आमच्या कॉलेजातून बी. ए. झाली आणि पुढे कपड्यांचे डिझाइन शिकायला तिकडे गेली. हालहवाल विचारून झाल्यावर मूळ मुद्दा निघाला.

"मॅडम, आमच्या गटाला प्रकल्प मिळालाय. विषय आहे कीटक. कपडे आम्हीच करायचे, दागिने आम्हीच, फोटोही आम्हीच काढायचे. जागा ठरलीय मांडवी. दिग्दर्शन माझ्याकडे आलंय, पण आठ जणांची आठ मतं आहेत. एकाला फुलपाखराचे पंख हवेत, दुसरीला कोळ्याचं जाळं, आणि तिसरा म्हणतो खरीखुरी मेलेली फुलपाखरंच पदरावर चिकटवू. काय करू?"

मी मराठी शिकवते. फॅशन हा माझा प्रांत नव्हे. तरीही या प्रश्नाचे उत्तर सदरातून द्यावेसे वाटले, कारण आपल्या भागातल्या बऱ्याच घरांतली मुले-मुली हल्ली या वाटेने जात आहेत, आणि "शिवणकाम शिकायला एवढी फी?" हा वडिलांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. कीटकांवरून कपडे आणि कपड्यांवरून फोटो, हे ऐकायला थिल्लर वाटते. प्रत्यक्षात त्यात भाषा येते, इतिहास येतो, विज्ञान येते, आणि माणसांशी नीट वागण्याचा धडाही येतो.

आधी भाषेचे पाहू. मराठीने कीटकांना फारसा मान दिलेला नाही. धान्याला कीड लागते, दाताला कीड लागते, समाजालाही कीड लागते. अभ्यासू मुलगा पुस्तकी किडा ठरतो. माणसे किड्यामुंगीसारखी मेली, असे आपण सहज म्हणून जातो. भुंगा, काजवा, मधमाशी आणि फुलपाखरू एवढ्या चौघांना काय तो कवितेत प्रवेश मिळाला. गंमत म्हणजे एखादी नवी कल्पना सुचली की आपण म्हणतो, "डोक्यात किडा वळवळतोय." म्हणजे कल्पकतेचा मान शेवटी किड्यालाच!

आज चाळिशी ओलांडलेल्या आणि खेड्यात वाढलेल्या वाचकांना सोनकिडा नक्की आठवत असेल. कुणी त्याला सोनपाखरू म्हणत. पावसाळ्यात बाभळीवर सापडायचा. हिरवा, निळा, मध्येच तांबूस झळाळणारा. मुले त्याला काडेपेटीत ठेवत, बाभळीचा पाला खाऊ घालत आणि शाळेत एकमेकांना दाखवत. त्याच्या पाठीवरची ती झळाळी म्हणजे उडायच्या नाजूक पंखांवरची कडक झाकणे. तिची खुबी अशी की ती रंगद्रव्यातून येत नाही. अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेले असतात, त्यांच्यावरून प्रकाश परततो आणि आपल्याला हिरवा-निळा दिसतो. रंगद्रव्य उन्हाने विटते, ही रचना सहसा विटत नाही. म्हणून किडा मेला तरी झळाळी राहते, आणि म्हणूनच माणसाने ती कपड्यावर टाकली.

ही कारागिरी आपल्याच देशातली. सोनकिड्याची पंखझाकणे वाफवून मऊ करायची, हव्या त्या आकारात कातरायची, बारीक भोके पाडायची आणि टिकलीसारखी मलमलीवर शिवायची. जोडीला सोनेरी-रुपेरी तार. एकोणिसाव्या शतकात अशी भरतकामाची वस्त्रे हिंदुस्थानातून इंग्लंडला मोठ्या प्रमाणात जात आणि तिथल्या बायका ती हौसेने वापरत.

यातूनच या विषयाचे एक अव्वल उदाहरण घडले. ते साल १८८८. लंडनच्या लायसियम नाट्यगृहात 'मॅकबेथ' नाटक व्हायचे होते आणि लेडी मॅकबेथ होती त्या काळची विख्यात नटी एलन टेरी. तिचे कपडे ठरवायचे काम अ‍ॅलिस कॉमिन्स कार या बाईंकडे होते. त्यांना हवा होता असा पोशाख, जो चिलखतासारखा दिसेल आणि सापाच्या अंगासारखाही वाटेल. बाजारात तसे कापड मिळेना. शेवटी मऊ हिरवे रेशीम आणि निळी चमकी एकत्र पिळलेला धागा बोहेमियातून मागवला. त्याचे जाळीदार विणकाम करून अंगरखा बेतला, तो शिवला नेटलशिप नावाच्या बाईंनी. तरीही रंगमंचावर तो म्हणावा तसा चमकेना. कॉमिन्स कार बाईंनी एकदा लेडी रँडॉल्फ चर्चिल यांच्या अंगावर सोनकिड्याच्या पंखांनी मढवलेला झगा पाहिला होता. तो आठवला, आणि मग या पोशाखावर सुमारे एक हजार पंखझाकणे शिवली गेली.

प्रयोग गाजला. १८८९ मध्ये जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने त्याच पोशाखात एलन टेरीचे पूर्णाकृती चित्र रंगवले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चित्रात लेडी मॅकबेथ दोन्ही हातांनी राजमुकुट स्वतःच्या डोक्यावर धरून उभी आहे. हा प्रसंग त्या नाट्यप्रयोगात नव्हताच! तो चित्रासाठी घडवलेला. पोशाखातली सगळी झळाळी आणि पात्रातली सगळी हाव एका हालचालीत आणायची, म्हणून ही उभे राहण्याची तऱ्हा. त्यात एका पोशाखाची कल्पना एकीची, शिवण दुसरीची, अंग आणि अभिनय तिसरीचा, नजर चित्रकाराची, आणि पंख कुठल्याशा भारतीय रानातले. आज आपण ज्याला मोठ्या थाटात फॅशन शूट म्हणतो, त्याचा सगळा संसार इथे आहे, फक्त कॅमेऱ्याच्या जागी कुंचला. हा पोशाख पुढे इतका जीर्ण झाला की २०११ साली तो पुन्हा लोकांसमोर आला, तेव्हा त्याच्या डागडुजीत तेराशे तास गेलेले होते. एवढे तास एका जुन्या कपड्यासाठी देणारे लोक आहेत, हेही आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घातलेले बरे.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. जानेवारी १९०३. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झनने भरवलेला दिल्ली दरबार. त्या वेळच्या नाचाच्या समारंभात लेडी कर्झन यांनी घातलेला मोरपिसांचा झगा जगभर गाजला. अंगभर मोरपिसे, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात सोनकिड्याच्या पंखाचा हिरवा तुकडा. पाहणाऱ्यांना ते पाचू वाटले. झग्याचे वजन साडेचार किलोच्या आसपास. इतिहासात तो पॅरिसच्या वर्थ या शिवणघराच्या नावावर आहे. पण त्यावरचे भरतकाम झाले दिल्लीत, किशनचंद यांच्या कारखान्यातल्या कारागिरांच्या हातून. भरलेले कापड पॅरिसला गेले, तिथे बेतून शिवले गेले आणि झगा परत दिल्लीला आला. किशनचंद हे नाव निदान नोंदीत उरले. त्यांच्या हाताखाली बसून महिनोन्‌महिने सुई चालवणाऱ्यांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत.

योगायोग असा की त्याच दरबारानिमित्त भरलेल्या कलाप्रदर्शनात बडोद्याचा प्रसिद्ध मोत्यांचा गालिचाही मांडला होता. खंडेराव गायकवाडांनी करवून घेतलेला हा गालिचा २००९ साली दोह्यात लिलावात विकला गेला, तेव्हा त्याला सुमारे ५५ लाख डॉलर मिळाले. त्याचा खरेदीदार कोण, किंमत किती, याची जगभर चर्चा झाली. मोती ओवणाऱ्या हातांचे नाव मात्र त्या चर्चेत कुठे नव्हते.

आता बडोद्यातच येऊ. अंगावर काय नेसवावे, कसे उभे करावे, पाठीमागे काय असावे, हा विचार या शहराला नवा नाही. राजा रविवर्मा १८८१ मध्ये सयाजीरावांच्या राज्याधिकार ग्रहणाच्या सुमारास बडोद्याला आला. पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी त्याला पुराणकथांवरची चौदा चित्रे काढायला सांगितली. आता दमयंतीने नेसावे काय आणि शंतनूने घालावे काय? कुणी पाहिले होते? रविवर्मा आणि त्याचा धाकटा भाऊ राजराजवर्मा दोघे उत्तरेकडे हिंडले, ठिकठिकाणचे पोशाख पाहिले आणि मग काय नेसवायचे ते ठरवले. आपल्या मराठी बायकांची नऊवारी त्याच्या अनेक नायिकांच्या अंगावर गेली, ती अशी विचारपूर्वक. आज आपल्या डोळ्यांसमोर सरस्वती-लक्ष्मी ज्या रूपात येतात, त्यात या वेशभूषेच्या निवडीचा मोठा वाटा आहे. राजराजवर्मा स्वतः उत्तम चित्रकार. तो भावाबरोबर राबला, चित्रांतल्या पार्श्वभूमीवर त्याने काम केले. लोकांच्या तोंडी नाव राहिले एकट्या रविवर्म्याचे.

तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे. काम अनेकांचे, नाव एकाचे. माझ्या विद्यार्थिनीला द्यायचा पहिला सल्ला म्हणून हाच निघतो. दिग्दर्शन म्हणजे सगळ्यांच्या वतीने पाहणे, आणि कुणी काय केले ते विसरू न देणे. पण त्याआधी काय पाहायचे ते ठरवायला हवे.

आठ मतांची सरासरी काढू नये. फुलपाखराचे पंख, कोळ्याचे जाळे आणि मुंगीच्या मिशा एका फोटोत आल्या की तो शाळेच्या स्नेहसंमेलनातला प्रवेश होतो. शिवाय कोळी हा कीटकच नव्हे, त्याला आठ पाय. कीटकाचे पाय सहा, आणि शरीराचे भाग तीन, डोके, छाती, पोट. हे तीन भाग जरी नीट पाहिले तरी कपड्याचा आकार सुचतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायका कमरेला करकचून आवळून घेत, त्या बारीक कमरेला तिकडे गांधीलमाशीचीच उपमा होती. १९३८ मध्ये पॅरिसच्या एल्सा स्कियापारेली यांनी पारदर्शक प्लास्टिकचा गळाभर हार केला आणि त्यावर धातूचे रंगीत किडे बसवले. लांबून पाहिले तर किडे थेट कातडीवर चालताहेत असे वाटावे. एकच कल्पना, पण शेवटपर्यंत नेलेली. म्हणून गटाने एकच कीटक निवडावा आणि त्याची रचना, चाल, जगणे अभ्यासावे. नुसते रूप उचलले की सोंग होते.

कोणता निवडावा? बडोद्याच्या मांडवीत उभे राहायचे असेल, तर माझे मत रेशमाच्या किड्याला. त्याचे कारण त्या जागेतच आहे.

मांडवी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बडोद्याच्या जुन्या तटबंदीच्या शहराच्या बरोबर मध्यावर ही चौरस वास्तू उभी आहे. प्रत्येक बाजूला तीन कमानी. चारी बाजूंना चार रस्ते फुटतात आणि शहराच्या चार दरवाजांना जातात. पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेला गेंडीगेट. आसपास दाट बाजारपेठ. जवळच गायकवाडांचे विठ्ठलमंदिर. कार्तिकी एकादशीला तिथून विठ्ठलनाथांचा वरघोडा म्हणजे मिरवणूक निघते. गुजराती गर्दीत विठ्ठलाचे नाव ऐकले की आपल्याकडच्या माणसाचे पाय क्षणभर थबकतात.

चार बाजू, चार रस्ते. आणि रेशमाच्या किड्याच्या आयुष्याचे टप्पेही चार. अंडे, अळी, कोश, पतंग. दिवसाचा प्रकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, त्याबरोबर किड्याचा जन्म पुढे सरकत जाईल. सकाळी पाणीगेटच्या बाजूने येणाऱ्या कोवळ्या उन्हात अंडे. तिथे वेशभूषा अगदी साधी, पांढरे सुती वस्त्र आणि त्यावर मोहरीएवढे मणी.

मग अळी. तुतीचा पाला अखंड खात ही अळी चार वेळा कात टाकते. म्हणजे कपडा चार थरांचा हवा, आणि फोटोगणिक एकेक थर उतरत गेला पाहिजे. इथे एकट्या मॉडेलची गरजच नाही. गटातल्या चार-पाच जणांनी एका लांब हिरव्या कापडाखाली एकामागे एक चालावे, गावातल्या देखाव्यातल्या नागासारखे. बाजार उघडायच्या आधी हे उरकावे, नाहीतर पाणीगेटपर्यंत वाहने तुंबतील आणि शिव्या अळीला नव्हे, कॉलेजला बसतील.

तिसरा टप्पा कोशाचा. हाच खरा गाभा. अळी स्वतःभोवती धागा गुंडाळताना डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत राहते. एका कोशात साधारण हजार मीटरचा अखंड धागा निघतो. मॉडेलने न रंगवलेल्या रेशमात स्वतःला गुंडाळत हाताने तोच आठचा आकडा काढायचा, कॅमेरा तिपाईवर घट्ट ठेवायचा आणि झडप अर्धा सेकंद उघडी ठेवायची. कमानीचा दगड स्थिर दिसेल, हात मात्र धाग्यासारखा पुसट पसरेल. यासाठी संगणकावरच्या करामतीची गरज नाही. किड्याची चाल माहीत हवी.

शेवट पश्चिमेला. लहेरीपुऱ्याकडून येणाऱ्या उतरत्या उन्हात पतंग. इथे नऊवारी हवी. काष्ट्याच्या मागच्या निऱ्या मिटलेल्या पंखांसारख्याच दिसतात, त्यासाठी तारेचे पंख पाठीला बांधायला नकोत. आणि मॉडेलने उडण्याचा आव आणू नये. कारण रेशमाचा पतंग उडू शकत नाही. हजारो वर्षे माणसाने त्याला धाग्यासाठी पाळले, पंख राहिले पण उड्डाण गेले. त्याला खाताही येत नाही. बाहेर आल्यावर जोडीदार शोधायचा, मादीने अंडी घालायची, थोड्या दिवसांत संपायचे. तोही नशीबवान. बहुतेकांना बाहेर येऊच दिले जात नाही. पतंग कोश फोडून बाहेर आला की धाग्याची अखंडता जाते, म्हणून आधीच कोश वाफेत किंवा उकळत्या पाण्यात घालतात.

हे वाचून काहींना वाईट वाटेल. वाटावे. लग्नात नेसतो ते पातळ असेच येते. हैदराबादकडच्या कुसुमा राजय्या या हातमाग खात्यातल्या माणसाने पतंग बाहेर पडल्यावरच धागा काढायची पद्धत बसवली, तिला अहिंसा रेशीम म्हणतात. धागा अखंड राहत नाही, तो कातावा लागतो, म्हणून कापड कमी चकचकीत आणि महागही. कुणी ते घ्यावे, कुणी घेऊ नये, हा ज्याचा त्याचा विचार. पण चौथा फोटो काढणाऱ्या मुलांना हे ठाऊक असले तर मॉडेलच्या चेहऱ्यावरचा भाव बदलेल. नुसते हसू पुरणार नाही.

दागिन्यांसाठी बडोद्यापासून फार लांब जायला नको. साधारण ४५ किलोमीटरवर संखेडा आहे. तिथले रंगीत झोपाळे आणि पाळणे देशभर जातात. सागवानी लाकूड कातायचे, त्यावर कथलाच्या भुकटीने रुपेरी नक्षी काढायची आणि मग फिरत्या लाकडावर लाख चढवायची. लाखेचा थर बसला की रुपेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून तकाकी आणतात. आणि लाख म्हणजे काय? पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बसलेल्या इवल्या किड्यांनी अंगातून सोडलेली राळ. कथलाचे सोने करणारा हा किडाच. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांची खेळणी आणि गंजिफाही लाखेवरच उभ्या. रेशमाच्या वस्त्रावर संखेड्याच्या कातारी कारागिराकडून करून घेतलेले लाखेचे मणी आणि बांगड्या, एवढा साज पुरे. दोन किडे झाले, पण एक कपड्यात आणि एक दागिन्यात. चित्राची गोष्ट एकाचीच राहते.

मेलेली फुलपाखरे चिकटवायची कल्पना मात्र लगेच रद्द करावी. बऱ्याच जातींच्या फुलपाखरांना आणि काही भुंगेऱ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. महाराष्ट्राने तर २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. कायदा बाजूला ठेवला तरी आठ गुणांच्या प्रकल्पासाठी कुणाचा जीव गोळा करायचा, हे पटणारे नाही. गटाला झळाळीच हवी असेल तर जुन्या निकामी सीडी कातराव्या. सीडीवरचे इंद्रधनुष्यही रंगद्रव्याचे नसते, बारीक रेषांच्या रचनेचे असते. सोनकिड्याच्या पाठीची ती दूरची नातेवाईकच. मात्र अशा झळाळीवर समोरून फ्लॅश मारला की ती मरते. प्रकाश बाजूने यावा, आणि दिवा जागचा हलवत पाहावे. लिव्हॉन बिस या इंग्रज छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले कीटक टिपले, २०१६ मध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. एकेका किड्याच्या एकेका चित्रासाठी त्याने आठ हजारांहून अधिक फोटो जोडले. प्रत्येक भागाला, मिशीला, पायाला, पंखाला, प्रकाश वेगळा लावला. आमच्या वर्गातली मुले एका निबंधाचा दुसरा खर्डा करायला कुरकुरतात, त्यांना मी हे उदाहरण देते.

मांडवी ही जुनी वास्तू आहे, तिला सजावटीचा पडदा समजू नये. खिळा ठोकायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, आधारासाठी खांबांना काही बांधायचे नाही. आधी महापालिकेत आणि पोलिसांत जाऊन परवानगी घ्यावी, दुरुस्तीचे काम चालू असेल तर बाहेरूनच फोटो काढावेत. विठ्ठलाच्या दर्शनाला येणाऱ्यांची वाट अडवू नये. आसपासच्या दुकानदारांशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे. दुकानाचे शटर पंधरा मिनिटे उशिरा उघडायला जो तयार होतो, तोही त्या फोटोतला भागीदार.

आणि मॉडेल. बहुधा गटातलीच एखादी मैत्रीण असेल. तिला आधी पूर्ण कल्पना द्यावी, किती वेळ, कोणता कपडा, फोटो कुठे कुठे जाणार. एखादी मुद्रा तिला नको वाटली तर ती नको. चार तास रेशमात गुंडाळून उभी असलेल्या मुलीला पाणी विचारणे हेही दिग्दर्शकाचेच काम. तिची आई धाकधुकीत असेल, तर तिलाच बोलावून निऱ्या घालायला बसवावे. बडोद्याच्या दांडिया बाजारात नऊवारी नेसवणाऱ्या आज्या-मावश्या अजून मिळतील. त्यांच्या हातात जे आहे ते डिझाइनच्या पुस्तकात सहसा नसते.

आठ मतांच्या भांडणावरही इलाज आहे. पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहावे, कपड्याबद्दल शेवटचा शब्द कुणाचा, प्रकाशाबद्दल कुणाचा, दागिन्यांबद्दल कुणाचा. दिग्दर्शिकेने तिन्ही ठिकाणी लुडबुड करू नये. तिचा शब्द एकाच गोष्टीवर शेवटचा, ती म्हणजे हे चित्र ठरलेली गोष्ट सांगते की नाही. कारागिराला आधी पैसे विचारावेत आणि ठरले ते वेळेवर द्यावेत. "तुमचं नाव होईल" हे पैशाऐवजी कधीही देऊ नये. नाव वेगळे, मजुरी वेगळी.

आपल्या सीमाभागातल्या घराघरांत हा विषय तसा पोचलेलाच आहे. आजीच्या पेटीतल्या इरकली लुगड्याचा तांबडा रेशमी पदर आठवा. अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा फासे घालून एकमेकांत अडकवलेला. तो जोड मागावर बसून कुणीतरी हाताने घातला, त्याआधी कुणीतरी धागा रंगवला, त्याआधी कुणीतरी तुतीचा पाला तोडून अळ्यांपुढे टाकला. आपण दुकानदाराचे नाव सांगतो, फार तर गावाचे. पुढच्या वेळी लुगडे उन्हात टाकताना तो जोड नातवंडांना बोट लावून दाखवा.

राहता राहिली यादी. छायाचित्राखाली पुढील नावे याच क्रमाने यावीत असे मी तिला कळवले आहे. रेशीम, तुतीच्या अळीचे. लाख, पळसावरच्या किड्याची. मणी कातणारा संखेड्याचा कारागीर, त्याच्या पूर्ण नावासह. निऱ्या घालणाऱ्या मावशी, त्यांच्याही पूर्ण नावासह. कपडा, प्रकाश, कॅमेरा, मॉडेल. शटर उशिरा उघडणारे दुकानदार. स्थळ, मांडवी. आणि सगळ्यात शेवटी, लहान अक्षरांत, दिग्दर्शन.

"मॅडम, एवढी लांब यादी फोटोखाली मावणार कशी?" असे तिने विचारले. फोटो थोडा लहान छापावा, एवढेच मी म्हटले.